नमुन्याच्या पानावरचे अकरा आकडे

खात्याच्या कचेरीत खिडकीला लागून एक मोठं टेबल आहे. त्यावर जाड काच, आणि काचेखाली पंचवीस-सव्वीस वर्षं एक पान होतं. उंची मोजणाऱ्याच्या वहीतल्या पानाची ती प्रत. नवा माणूस नोकरीला लागला की त्याला त्या टेबलापाशी नेऊन ते पान दाखवायची पद्धत होती. अक्षर मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही, आणि तळाच्या ओळीत फरक अवघा दोन मिलिमीटर. शाळेच्या पायरीवरच्या पक्क्या खुणेपासून निघायचं, अख्खी गल्ली मोजत पुलाच्या कठड्यावरच्या दुसऱ्या पक्क्या खुणेपर्यंत जायचं आणि तिथे पोचल्यावर दोनच मिलिमीटर चुकायचं, हे सोपं नाही. जुने साहेब म्हणायचे, असं काम करा, नाहीतर करू नका.

ते पान लेव्हलकाकांच्या हातचं. खातं त्यांना याच नावाने ओळखे. तिपाईवर दुर्बीण बसवायची, लांब उभ्या केलेल्या आकड्यांच्या पट्टीवर नजर लावायची आणि जमीन कुठे किती वर, किती खाली हे वहीत लिहायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. माणूस सडपातळ, कमी बोलणारा, सदऱ्याच्या खिशात कायम टोक केलेली पेन्सिल. घरातलं कपाट एक बोटभर कलंडलेलं असलं तरी त्यांना जेवण जात नसे. त्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वाद झाला की वही उघडायची आणि वाद मिटायचा.

निवृत्तीला सात महिने राहिले असताना खात्यात नवं काम आलं. रस्त्यावरचं पावसाचं पाणी नळ्यांतून लांब नेण्याऐवजी जागच्या जागी मुरवायचं ठरलं. त्यासाठी शहरभर पाऊस-बागा करायच्या होत्या. रस्त्यापेक्षा खोल खणलेला वाफा, तळाला खडी, वर वाळू आणि माती, आणि दिवसभर पाण्यात उभी राहिली तरी न सडणारी झाडं. हे काम बघणाऱ्या अभियंता बाई तिशीच्या होत्या आणि कचेरीत त्यांना हिरव्या मॅडम म्हणत. त्यांच्याकडे शहराचा उंचीचा नवा नकाशा होता. विमानातून लेसरचे किरण सोडून केलेला, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर जमिनीची उंची सांगणारा. संगणकावर त्या नकाशावर खोटा पाऊस पाडायचा आणि पाणी कुठे धावतं, कुठे थांबतं ते बघायचं. थांबतं तिथे निळा डाग दिसे. जिथे डाग, तिथे बाग.

घोडं अडलं ते झाडांपाशी. दाट झाडी असली की किरण पानांवरच अडतात, जमिनीपर्यंत थोडेच पोचतात. शाळा आणि पूल यांच्यामधल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना जुनी, एकमेकांत गुंतलेली झाडं होती. नकाशा तिथे गल्लीच्या मध्यावर एक मोठा निळा डाग दाखवत होता, पण मोजके ठिपके जोडून काढलेला. मॅडमचा त्यावर विश्वास बसेना. खात्याचा नियम साधा होता: झाडीखाली किरणांचा भरवसा नसेल तर जागेवर जाऊन घेतलेली मापं धरायची. मॅडमनी जुनी वही काढली, काकांचे अकरा आकडे संगणकात भरले आणि निळा डाग पुसला गेला. उतार कसा, तर शाळेपासून पुलापर्यंत एकसारखा, दर दहा मीटरला दोन सेंटिमीटर. त्या भागाला तीन बागा मंजूर होत्या. तिन्ही पुलाच्या तोंडाशी मांडल्या गेल्या.

शुक्रवारी दुपारी मॅडम काकांकडे कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, सोमवारी आराखडा वर जातो, एकदा नजर टाका आणि सही करा. जाता जाता हसून म्हणाल्या, “विमान चुकलं काका, तुम्ही नाही.”

काकांनी सही केली नाही. चष्मा घरी राहिला म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता, पण मॅडमची पाठ वळली होती.

त्या अकरा आकड्यांची हकिगत काकांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी ते त्या गल्लीच्या तोंडाशी यंत्र लावून उभे होते. पायरीवरच्या खुणेचं माप घेऊन झालं होतं. तेवढ्यात कचेरीतला शिपाई सायकल हाणत आला: वहिनींना दवाखान्यात नेलंय, कळा सुरू झाल्यात. काकांनी तिपाई मिटली, पट्टी धरणाऱ्याला घरी पाठवलं आणि ते धावत सुटले. पोचले तेव्हा मुलगी होऊन पाव तास झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वही मागितली गेली. गल्लीच्या दोन्ही टोकांची उंची खात्याच्या यादीत होतीच. दोन टोकं माहीत असली की मधलं भरायला बुद्धी लागत नाही. काकांनी टेबलावर बसून मधले अकरा आकडे भरले आणि अगदी नेमकं जुळू नये म्हणून शेवटी दोन मिलिमीटरचा फरक ठेवला. येत्या सोमवारी जाऊन खरी मापं घेऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. सोमवारच्या आत पान साहेबांच्या नजरेत भरलं, त्याची प्रत निघाली आणि ती काचेखाली गेली.

त्यानंतर काका त्या गल्लीत कधी गेले नाहीत. शाळेकडे काम निघालं तर ते मागच्या रस्त्याने जात.

शनिवार त्यांनी कपाटातलं जुनं यंत्र पुसण्यात घालवला. खात्याने मोडीत काढलेलं ते यंत्र त्यांनी घरी आणून दुरुस्त केलं होतं आणि त्यामुळे गेली आठ वर्षं काकूंच्या हिवाळी कपड्यांना जागा नव्हती. काकू दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसत. त्यांनी दोनदा विचारलं, आज काय विशेष, पण काकांनी ताकास तूर लागू दिली नाही. रात्रीचं जेवण आटोपल्यावर मात्र म्हणाले, उद्या सकाळी तासभर पट्टी धरायला येशील का. खात्यातला माणूस नको होता.

“रविवारी? आणि मला काय मिळणार?” काकूंनी विचारलं.

“कपाट रिकामं करून देतो.”

काकू तयार झाल्या.

रविवारी सकाळी सात वाजता गल्लीत वर्दळ नव्हती. काकांनी शाळेच्या पायरीवरची खूण शोधली. दगडात कोरलेला बाण शेवाळाखाली गेला होता, तो नखाने साफ केला. काकूंना त्यांनी समजावलं: पट्टी सरळ धरायची, मग हलकेच पुढे-मागे डोलवायची, सगळ्यात लहान आकडा दिसेल तो खरा. काकू म्हणाल्या, आमच्याकडे एक्स-रे काढताना हलू नका म्हणतात, तुमचं सगळंच उलटं. पण पहिल्या दोन खुणांनंतर त्यांचा हात बसला. काका आकडा मोठ्याने वाचत; तो वाढला तर जमीन खाली गेली, हेही त्यांच्या लक्षात आलं आणि त्या स्वतःच सांगू लागल्या, “आता खाली चाललोय बघा.”

पहिली, दुसरी, तिसरी खूण वहीशी जवळपास जुळली. चौथीपासून जमीन खाली चालली. सातव्या खुणेला काकांनी तीनदा पाहिलं. दुर्बिणीची काच पुसली, बुडबुडा मध्यावर आहे ना ते बघितलं आणि चौथ्यांदा पाहिलं. वहीतल्या आकड्यापेक्षा जमीन अडतीस सेंटिमीटर खाली होती.

डोळा दुर्बिणीवरून काढला तेव्हा त्यांना गटार दिसलं. गल्लीच्या कडेचं गटार त्यांच्याच आकड्यांवर बांधलं गेलं होतं. गवंड्यांनी नकाशाबरहुकूम काठ एका उतारात आणला, आणि जमीन मध्येच खाली गेल्यामुळे सातव्या खुणेपाशी तो काठ रस्त्यापेक्षा हातभर उंच उभा राहिला होता. पाणी त्यावर चढून आत जाणं शक्य नव्हतं. गल्लीने त्या काठाचा कट्टा केला होता. वर्षानुवर्षं बसून बसून सिमेंट गुळगुळीत झालं होतं. या वेळीही एक म्हातारा तिथे वर्तमानपत्र वाचत बसला होता.

पट्टी उभी होती ती एका शिंप्याच्या दुकानासमोर. दार उघडं होतं. आत शिलाई मशीन विटांच्या तीन थरांवर ठेवलेलं, त्याला जुळवून स्टूलही विटांवर, आणि त्यावर शिंपी, डोकं जवळजवळ छताला. साठीचा, बारीक डोळ्यांचा. तो खाली उतरला, दारात आला आणि पट्टीकडे वरून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, कुणाचं माप घेताय, उंच आहे माणूस.

काकू हसल्या. काकांनी सांगितलं, जमिनीचं. शिंपी म्हणाला, मग इकडे या, आमच्याकडे तयार आहे. दाराच्या चौकटीवर खडूने आणि नंतर खिळ्याने ओढलेल्या रेषा होत्या, प्रत्येकीपुढे साल. पाऊस जोराचा झाला की तो दुसऱ्या दिवशी पाण्याची खूण धरून मापाच्या फितीने मोजायचा. काकांनी चष्मा सरसावला. साडेअकरा इंच, बारा, पावणेबारा, बारा, पुन्हा बारा. नेहमीच्या जोराच्या पावसातही तेवढंच, सगळं शहर बुडालं त्या वर्षीही तेवढंच.

“बारा इंचांच्या वर कधीच नाही आलं,” शिंपी म्हणाला. “का, ते देवाला ठाऊक.”

काकांना ठाऊक होतं. त्यांनी वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. पुलाकडचं टोक या दारापेक्षा तीस सेंटिमीटर उंच होतं. पाणी तेवढं भरलं की त्या टोकावरून सांडून पुलाकडे जायचं, म्हणून त्याच्या वर येत नव्हतं. तीस सेंटिमीटर म्हणजे बारा इंच, त्यात बोटाचंही अंतर नव्हतं. ज्या खड्ड्याचं माप काकांनी घेतलं नव्हतं, ते हा माणूस दरवर्षी फितीने घेत आला होता.

त्यांनी विचारलं, तक्रार केली नाही का कधी. शिंप्याने भिंतीकडे बोट केलं. मशीनच्या वर, डोळ्यांसमोर येईल असं, खात्याचं एक पत्र टाचणीने लावलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वीचं. ‘नोंदीनुसार सदर गल्लीस एकसारखा उतार असून पाणी साचणे संभवत नाही. अर्जदाराने गटारात चिंध्या टाकू नयेत.’ खाली सही. काकांना ते पत्र आठवत नव्हतं. अशी पत्रं ते दिवसाला पाच-सहा लिहीत, वही बघून. सही मात्र ओळखता येत होती.

“त्या दिवसापासून एक चिंधी बाहेर टाकली नाही मी,” शिंपी म्हणाला. त्याने माळ्याकडे मान केली. वर पोती रचलेली होती, तोंडं शिवलेली, प्रत्येकावर साल लिहिलेलं. “साहेब तपासायला येतील म्हणून ठेवलीत. बायको म्हणते चिंध्या ठेव नाहीतर मला ठेव. अजून तरी दोघी आहेत.”

काकू पुन्हा हसणार होत्या, पण त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला.

“ती सही माझी आहे,” काका म्हणाले.

शिंप्याने त्यांच्याकडे पाहिलं, पत्राकडे पाहिलं. मग तो दुकानात गेला, विटांवर चढला आणि मशीन सुरू केलं. काका आणि काकूंनी राहिलेल्या चार खुणा घेतल्या. पुलाच्या कठड्यावर पोचल्यावर फरक नऊ मिलिमीटर निघाला. मोडलेल्या फरशांच्या रस्त्यावर, दोन माणसांनी केलेल्या कामाला हा फरक चांगला होता. खरं माप असंच येतं, थोडं चुकलेलं.

परतताना यंत्राची पेटी दोघांच्या मध्ये होती. काकांनी सगळं सांगितलं. दवाखाना, वही, दुसरा दिवस. काकूंनी पेटीचा हात बदलला.

“म्हणजे माझ्यापाशी वेळेवर पोचला नाहीत, आणि गल्लीतही नाही,” त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, तसंच.

मग त्यांनी मनातली गोष्ट काढली. सात महिने राहिलेत. सही करून टाकली तर कुणाला कळणार नाही. न करता नुसतं ‘पुन्हा मोजा’ म्हटलं तरी चालेल. किंवा खरं सांगायचं झालं तर त्या दिवशीची अडचण लिहिता येईल, बाळंतपण होतं, माणसं समजून घेतात.

“हे बघा,” काकू म्हणाल्या, “मी खिडकीवर बसून दिवसाला चाळीस माणसं खोटं बोलताना ऐकते. सगळे रोज दोनदा दात घासतात. डॉक्टर तोंड उघडायला सांगतात, की संपलं. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. पण माझ्या बाळंतपणावर बिल फाडू नका. पोरगी सव्वीस वर्षांची झाली, तिच्या जन्माचा दाखला तुमच्या गटाराला जोडू नका.”

सोमवारी काका मॅडमच्या आधी कचेरीत होते. त्या आल्या तशी त्यांनी नवी मापं समोर ठेवली. मॅडमनी ती संगणकात भरली आणि डाग परत आला, जवळपास तसाच, जसा विमानाने काढला होता. त्यांनीच वाट काढून दिली. जमीन खचते काका, म्हणाल्या, सव्वीस वर्षांत नळ टाकले असतील, माती बसली असेल. ‘जमीन खचल्याने फेरमोजणी’ असं लिहू या. तुमच्यावर काही येत नाही.

काका म्हणाले, खचली असती तर कडेची घरं तडकली असती. एकही घर तडकलेलं नाही.

मोजणीच्या वहीचा एक नियम आहे आणि तो काकांनी तीन पिढ्यांच्या पोरांना शिकवला होता. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, गिरवायचा नाही, त्यावर कागद चिकटवायचा नाही. वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर खरा आकडा लिहायचा, बाजूला सही आणि शेऱ्यात कारण. काकांनी कचेरीच्या कपाटातून मूळ वही काढली. अकरा रेघा पट्टी लावून मारल्या. अकरा आकडे लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात ते थोडे थांबले, पेन्सिल ठेवून शाईचं पेन घेतलं आणि लिहिलं: ‘मूळ मापे जागेवर न घेता भरली होती.’ कारण याहून जास्त लिहिलं नाही.

मॅडमनी वाचलं. काकांनी टेबलावरची काच एका बाजूने उचलली आणि खालची प्रत काढून घेतली. टेबलावर त्या जागी फिकट चौकोन राहिला. पुढे दोन-तीन दिवस कचेरी कुजबुजत होती. एक जण म्हणाला, एवढ्या वर्षांत दोन मिलिमीटरचा संशय कुणालाच कसा आला नाही, पाणी तिथेच मुरत होतं. जुन्या साहेबांच्या हाताखाली तयार झालेल्या दोघांनी काकांशी बोलणं सोडलं. कारणे दाखवा नोटीस आली. काकांनी वहीतलंच वाक्य उत्तर म्हणून पाठवलं. लेखी ताकीद मिळाली आणि त्यांनी घेतलेल्या इतर नव्वद गल्ल्यांची मापं तपासायचा हुकूम निघाला. ती सगळी बरोबर निघाली, पण तपासली गेली. काकांना ताकिदीपेक्षा हेच जास्त लागलं. काकूंपाशी ते तसं एकदाच बोलले.

आराखडा बदलला. तीनपैकी दोन बागा गल्लीच्या मध्यावर आल्या, शिंप्याच्या दाराच्या दोन्ही अंगांना. गटाराचा काठ तिथे कापायचा ठरला, तेव्हा वर्तमानपत्रवाल्या म्हाताऱ्याने कट्टा जातो म्हणून हरकत घेतली. त्याच्यासाठी दोन हात काठ ठेवला गेला.

राहिलं होतं ते पत्र. जुन्या अर्जाला नवं उत्तर द्यायचं होतं. काकांनी ते टपालात टाकलं नाही, स्वतः घेऊन गेले. या खेपेला ते शाळेकडून, सरळ गल्लीतून गेले. शिंपी विटांवरून उतरला, हात पुसले आणि पत्र वाचलं. पूर्वीचं उत्तर चुकीच्या मापांवर आधारित होतं, गल्लीच्या मध्यावर पाणी साचतं हे खात्याला मान्य आहे, उपाययोजना मंजूर झाली आहे. त्याने ते दुसऱ्यांदा वाचलं आणि परत दिलं.

“यात चिंध्यांचं काही नाही.”

काका म्हणाले, उतारच चुकीचा म्हटल्यावर ते आपोआप आलंच.

“आपोआप कसं येईल? आरोप लेखी आहे,” शिंपी म्हणाला. “पाणी दुरुस्त कराल हो तुम्ही. गल्ली मला नऊ वर्षं चिंधीवाला म्हणते.”

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. बसायला ते विटांवरचं स्टूल सोडून काही नव्हतं. ते त्यावर चढले. मशीनच्या फळीवर पत्र ठेवून, खालच्या मोकळ्या जागेत, नमुन्याच्या पानावर होतं त्याच अक्षरात लिहिलं: ‘गटारात चिंध्या टाकल्या जात असल्याचा शेरा पाहणी न करता लिहिला होता. तो रद्द.’ सही केली, तारीख घातली.

शिंप्याने शाई वाळेपर्यंत पत्र हातात धरलं. जुनं पत्र काढलं, त्याच टाचणीने नवं लावलं. मग त्याने शिडी माळ्याला टेकवली, वर चढला आणि पहिलं पोतं खाली सोडलं. काकांनी ते झेललं. धुळीने त्यांना शिंक आली.

“सावकाश,” वरून आवाज आला. “अजून आठ आहेत.”